मोखाड्याच्या वळणावर रेसमो

इसवी सन २०१७ च्या मार्च महिन्यात जिनिव्हा येथील मोटार-प्रदर्शनात टाटा मोटर्सने 'टामो रेसमो' नावाची दोन आसनांची स्पोर्ट्‌स कार जगापुढे मांडली, तेव्हा मंचावरील तिच्या प्रत्यक्ष देहाबरोबरच तिच्या संगणकीय अवताराचीही वर्दी देण्यात आली. मायक्रोसॉफ्टच्या 'फोर्झा होरायझन ३' या खेळात ही गाडी चालवावयास मिळेल आणि असा मान मिळणारी ती पहिलीच भारतीय गाडी ठरेल, असे त्या वेळी जाहीर झाले. परंतु कारखान्याच्या जमाखर्चात त्या गाडीचा टिकाव लागला नाही. उत्पादनाचा बेत रहित झाला, रेसमोची नोंद कोणत्याही आर. टी. ओ.च्या दप्तरी चढली नाही, आणि गोव्याच्या सॅन स्टॉर्मला किंवा दिलीप छाब्रिया यांच्या अवंतीला निदान काही हौशी धन्यांच्या अंगणात उभे राहण्याचे जे भाग्य लाभले, तेही तिच्या वाट्यास आले नाही. त्यामुळे आज एखाद्या मराठी तरुणाला ही गाडी चालवून पाहावयाची असेल, तर संगणकावाचून त्याला गत्यंतर नाही.

संगणकावरील मोटारींचे खेळही दोन जातींचे असतात. एका जातीत गाडी हे करमणुकीचे साधन असून तिने खेळणाऱ्यास खूश ठेवावे एवढीच अपेक्षा असते. दुसऱ्या जातीत, ज्याला सिम्युलेटर म्हणतात त्यात, गाडीच्या प्रत्येक चाकावरील भार, प्रत्येक स्प्रिंगचा दाब आणि टायरच्या रबराची घसरण यांचे गणित अखंड चाललेले असते आणि त्या गणिताचे जे उत्तर येईल ते गोड असो वा कडू, चालकाने मुकाट्याने स्वीकारावयाचे असते. इटलीतील 'कुनोस सिमुलात्सिओनी' या संस्थेचा, २०१४ च्या डिसेंबरात पूर्णत्वास गेलेला 'आसेत्तो कोर्सा' हा अशा सिम्युलेटरांपैकी एक प्रसिद्ध नमुना होय. त्याच्या कर्त्यांनी एक उदारपणाची गोष्ट केली. आपल्या घरच्या गाड्यांखेरीज बाहेरच्या कोणाही हौशी माणसाने नवी गाडी वा नवा रस्ता रचून त्यात दाखल करावा, अशी मुभा त्यांनी ठेवली. अशा बाहेरून दाखल केलेल्या रचनेस शौकीन मंडळी 'मॉड' म्हणतात. मॉड करणारा बहुधा पगारी नोकर नसतो. महाविद्यालयाचा विद्यार्थी, कारखान्यातला ड्राफ्ट्समन किंवा रात्रपाळी संपवून घरी आलेला संगणक-अभियंता असा कोणीही तो असू शकतो.

असा मॉड तयार झाला, की त्याची परीक्षा मोंझाच्या किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटच्या तुळतुळीत डांबरावर घ्यावयाची, असा सर्वसाधारण रिवाज आहे. माझ्या मते ही परीक्षा फार सोपी आहे. सपाट, रुंद आणि निगा राखलेल्या मार्गावर सदोष रचनेची गाडीसुद्धा आपले दोष झाकून नेऊ शकते. पालघर जिल्ह्यात मनोरहून विक्रमगड, जव्हार, मोखाडा अशी गावे घेत त्र्यंबकेश्वराकडे चढत जाणारा जो रस्ता आहे, तो मात्र कोणाचेच दोष झाकीत नाही. समुद्रसपाटीच्या जवळून निघालेला हा रस्ता जव्हारला पोहोचेपर्यंत सुमारे साडेचारशे मीटर उंची गाठतो आणि सह्याद्रीच्या माथ्यावरील त्र्यंबकेश्वरास सातशे मीटरांच्या पलीकडे जातो. मध्यंतरी वळणे, उतार, पूल, खड्डे, नागलीची आणि वरईची उतरती शेते, आणि अरुंद वळणावर अकस्मात समोर येणारी एस. टी., हा सर्व सरंजाम आहेच.

याच मुलखात मुकण्यांचे जव्हार संस्थान होते. सुमारे ३१० चौरस मैलांचे ते छोटेखानी राज्य १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले; त्याचे अखेरचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धात विमानदलात दाखल झाले होते. ज्या काळात ते विमानदलात होते, त्याच काळात एडविन लिंक या अमेरिकन गृहस्थाने बनविलेली, जमिनीवरच डोलणारी 'लिंक ट्रेनर' ही पेटी हजारो वैमानिकांना ढगांतून विमान हाकण्याचे धडे देत होती. आजच्या सर्व सिम्युलेटरांची कुळकथा त्या पेटीपाशी पोहोचते. खोट्या यंत्रावर खरे कौशल्य शिकता येते ही गोष्ट त्या पेटीने सिद्ध केली, परंतु खोट्या यंत्राचे वर्तन खऱ्यासारखे असेल तरच.

मॉडच्या कामाचा पहिला भाग, म्हणजे गाडीचे बाह्यरूप घडविणे, हा लोकांच्या डोळ्यांत भरणारा असला तरी त्याविषयी मी थोडक्यात सांगणार आहे. गाडीची लांबी ३,८३५ मिलिमीटर, पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर २,४३० मिलिमीटर, अशी प्रसिद्ध झालेली मापे आणि सर्व बाजूंनी काढलेली छायाचित्रे समोर ठेवून 'ब्लेंडर'सारख्या मोफत मिळणाऱ्या साधनात हजारो लहान लहान त्रिकोणांचे जाळे विणून गाडीचे अंग तयार करतात. जवळून पाहताना बारीक, दूरून पाहताना ठोकळ, अशा तिच्या दोन-चार प्रती कराव्या लागतात, म्हणजे संगणकावर नाहक भार पडत नाही. काही मंडळी हे जाळे दुसऱ्या खेळातून उचलून आणतात आणि आपले म्हणून मिरवितात. ही सरळसरळ चोरी आहे, आणि जाणते शौकीन अशा मॉडला दारात उभे करीत नाहीत.

मोखाडा-जव्हारच्या पाड्यांत बोहाड्याच्या उत्सवात जी सोंगे निघतात, त्यांत मुखवटा कितीही देखणा असला, तरी संबळाच्या ठेक्यावर देवाची म्हणून ठरलेली चाल ज्याला साधत नाही, त्याच्या सोंगाला पाहणारे दाद देत नाहीत; गाडीचे बाह्यरूप हा केवळ मुखवटा असून तिची चाल मात्र अंकांच्या निराळ्याच दप्तरात नोंदलेली असते. आसेत्तो कोर्सात ते दप्तर म्हणजे साध्या मजकुराच्या काही फाइली होत. एकीत वजन व जडत्व, दुसरीत इंजिन, तिसरीत गिअर व क्लच, चौथीत सस्पेन्शन, पाचवीत टायर, सहावीत हवेचा रोध. या फाइली कोणीही उघडून वाचू शकतो, आणि त्यांत कोणताही अंक भरू शकतो. सारी मेख इथेच आहे. संगणक कोणताही अंक नाकारीत नाही. सबब अंकांकडून परस्परांची साक्ष काढून घेणे, हे मॉड करणाऱ्याचे मुख्य कर्तव्य ठरते.

रेसमोचाच दाखला घेऊ. तिच्या १.२ लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनाविषयी कंपनीने दोन गोष्टी जाहीर केल्या होत्या: मिनिटाला ६,५०० फेऱ्यांवर १९० अश्वशक्ती आणि २,५०० फेऱ्यांवर २१० न्यूटन-मीटर टॉर्क. नवशिक्या माणूस हे दोन आकडे फाइलीत भरून मधली रेघ मनास येईल तशी ओढतो. परंतु शक्ती म्हणजे टॉर्क आणि फिरण्याचा वेग यांचा गुणाकार, हे शालेय सूत्र लावून पाहिले, की ६,५०० फेऱ्यांवरील १९० अश्वशक्ती, म्हणजे जवळजवळ १४० किलोवॉट, या अंकातून त्या फेऱ्यांवरचा टॉर्क सुमारे २०५ न्यूटन-मीटर निघतो. २,५०० फेऱ्यांवर २१० आणि ६,५०० वर २०५! याचा अर्थ असा की, टॉर्काचा आलेख डोंगरासारखा चढून उतरणारा नसून जवळजवळ सपाट असला पाहिजे, आणि टर्बोचा दाब वरपर्यंत टिकवून धरलेला असला पाहिजे. २,५०० फेऱ्यांवर हेच इंजिन फक्त ७५ अश्वशक्ती देते, हेही त्याच सूत्रातून कळते. घाटात खालच्या फेऱ्यांवर चढणाऱ्या चालकाच्या हाती या ७५ चाच कारभार असतो, १९० चा नव्हे.

आणखी एक दावा होता. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग सहा सेकंदांच्या आत. हा दावा खरा मानावा काय? चालकासह गाडीचे वजन आपण हिशेबासाठी १,००० किलो धरले, तर ताशी १०० किलोमीटर वेगाला तिच्या अंगी सुमारे ३८६ किलोजूल गतिज ऊर्जा असते. ही ऊर्जा सहा सेकंदांत पुरवावयाची तर सरासरी ६४ किलोवॉट लागतात. इंजिनाच्या कमाल शक्तीच्या निम्म्याहूनही हे कमी आहे. गिअर बदलण्यात आणि आरंभी चाके घसरण्यात वाया जाणारा वेळ हिशेबात धरूनही दावा पदरात पडतो. याच्या उलट, मॉडमधली गाडी जर साडेतीन सेकंदांतच शंभराला भिडत असेल, तर वजन कमी भरले आहे किंवा टायरला अवाजवी पकड दिली आहे असा निष्कर्ष काढावा लागतो.

वजनानंतर जडत्व. वजन किती आहे एवढे सांगून गाडीचे वर्तन ठरत नाही, ते वजन कोठे ठेवले आहे यावरही ते ठरते, आणि ठेवण्याचे अंतर दुप्पट झाले की त्याचा वळण्यास होणारा विरोध चौपट होतो. ५० किलोची एखादी वस्तू गुरुत्वमध्यापासून अर्ध्या मीटरवर असता तिचा जो विरोध असतो, तो तीच वस्तू दीड मीटरवर नेऊन ठेवताच नऊपट होतो. म्हणूनच इंजिन दोन आसांच्या मध्ये ठेवणारी रेसमो आणि ते पुढच्या चाकांपाशी ठेवून पुढचीच चाके फिरविणारी सॅन स्टॉर्म या दोन गाड्यांचे स्वभाव वजन सारखे धरले तरी भिन्न निघतील. मध्य-इंजिनाची गाडी वळावयास तत्पर असते, परंतु एकदा तिची शेपटी सुटली की तेवढ्याच तत्परतेने ती गरकन फिरते. आसेत्तो कोर्सात हे जडत्व एका कल्पित पेटीची रुंदी, उंची आणि लांबी देऊन नोंदतात; ही पेटी गाडीच्या बाह्य मापांएवढीच धरली, की गाडी नको तितकी आळशी होते, कारण खऱ्या गाडीची टोके बहुतांशी पोकळ असतात. पुष्कळ मॉड याच ठिकाणी फसलेले मी पाहिले आहेत.

आता सस्पेन्शनकडे वळू, कारण जव्हारचा रस्ता खरा येथून बोलू लागतो. एका चाकावर २२० किलोचा भार असेल आणि त्या कोपऱ्याने सेकंदाला दीड वेळा खाली-वर व्हावे अशी योजना असेल, तर चाकापाशी मोजलेला स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला सुमारे २० न्यूटन असावा लागतो. शर्यतीच्या गाडीप्रमाणे तीच गती सेकंदाला तीन वेळा हवी असेल, तर कडकपणा दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो. हौशी मॉडकर्ता मोंझावर गाडी चिकटून धावावी म्हणून ८० चा स्प्रिंग भरतो, आणि तेथे तो शोभतोही. पण हीच गाडी खाचखळग्यांच्या रस्त्यावर आणली, की चाक खड्ड्यात उतरण्याऐवजी त्याच्यावरून उडून जाते आणि उडालेल्या चाकाची पकड शून्य. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला दर ११ मीटरांवर उंचवटा भेटत गेला, तर सेकंदाला दीड हेलकावा बसतो, म्हणजे नेमका मऊ स्प्रिंगचा स्वतःचा ताल साधला जातो. अशा वेळी शॉक-अब्सॉर्बर कमजोर भरला असेल तर प्रत्येक उंचवट्यागणिक डोलणे वाढत जाते. मोऱ्यांनी आणि ठिगळांनी भरलेल्या डोंगरी रस्त्यावर असे तालबद्ध उंचवटे दुर्मीळ नाहीत, हे मोखाड्याकडे एस. टी.च्या मागच्या बाकावर बसून गेलेल्या कोणासही सांगावयास नको.

येथे सिम्युलेटरच्या मर्यादेचाही विचार करणे प्राप्त आहे. आसेत्तो कोर्सा गाडीच्या हालचालीचे गणित सेकंदाला ३३३ वेळा करतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला १६.७ मीटर जाते. अर्थात दर गणितास ती ५ सेंटिमीटर पुढे सरकते, आणि ३० सेंटिमीटर लांबीच्या खड्ड्याच्या वाट्यास केवळ सहा गणिते येतात. ताशी दीडशेने गेल्यास तीही दोन-तीनवर येतात. तेव्हा खड्डा खऱ्यासारखा भासावयाचा तर रस्त्याचे जाळे मुळात तितके बारीक विणलेले हवे. पुष्कळ हौशी रस्त्यांचे त्रिकोण कित्येक मीटर लांब असतात. अशा रस्त्यावर खड्डा चित्रात दिसतो, पण चाकाला लागत नाही.

हा रस्ता कोठून आणावयाचा? मोठ्या संस्था लेझर-यंत्राने मार्गाची मिलिमीटरपर्यंत मोजणी करून घेतात. जव्हारच्या घाटाला ते भाग्य कुठले! जगास विनामूल्य मिळणारे उंचीचे दप्तर म्हणजे २००० सालच्या फेब्रुवारीत 'एन्डेव्हर' या अंतराळयानाने ११ दिवसांच्या फेरीत रडारने केलेली मोजणी. तिच्यात दर सुमारे ३० मीटरांस एक उंची मिळते. डोंगराचा एकंदर आकार, दऱ्यांची खोली, क्षितिजावरील सुळके उभे करण्यास ती पुरेशी आहे. रस्त्याला मात्र ती निरुपयोगी, कारण ३० मीटरांच्या एकाच चौकटीत घाटातील रस्ता, त्याच्या डोक्यावरची कापलेली दरड आणि खालची उतरण असे तिन्ही येतात, आणि मिळणारा अंक या तिघांची सरासरी असतो. त्यावर जसाच्या तसा रस्ता अंथरला तर तो डोंगरात घुसतो, नाहीतर हवेत लोंबकळतो.

यावर स्वस्त उपाय खिशातच आहे. आजच्या पुष्कळ फोनांत वायुभारमापक असतो. वातावरणाचा दाब दर साडेआठ मीटर चढाला सुमारे एक मिलिबार उतरतो, त्यामुळे किनाऱ्यापासून जव्हारपर्यंत चढताना तो पन्नासेक मिलिबारने खाली येतो, आणि एक मीटरचा चढसुद्धा त्याच्या नोंदीत उमटतो. उपग्रहांवरून मिळणारी उंची याहून पुष्कळ ढिली असते. फोन गाडीच्या डॅशबोर्डवर घट्ट बसवून ठराविक वेगाने रस्ता जाता-येता नोंदला, दोन्ही फेऱ्यांची सरासरी घेतली आणि हवामानामुळे दाबात झालेली घटबढ वजा केली, की चढणीचा बराच विश्वसनीय आलेख हाती येतो. त्याच फोनातील कंपमापकाने खड्ड्यांचा पंचनामाही होतो. वेग मात्र कायद्यात बसणारा असावा. शर्यत संगणकावर लावावयाची आहे, रस्त्यावर नव्हे.

चढणीविषयी एक गैरसमज असा असतो की, गाडीचे मागचे अंग जड होऊन पुढची चाके हलकी पडतात आणि म्हणून ती वळत नाही. हिशेब करून पाहिला तर १,००० किलोच्या गाडीत १०० मीटरांस ६ मीटरांच्या चढणीमुळे मागे सरकणारा भार जेमतेम ११ किलो भरतो, गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ सेंटिमीटर धरला असता. याच गाडीने कचकचून ब्रेक लावला तर सुमारे १८५ किलो भार मागून पुढे येतो. चढण खरा खर्च करविते तो शक्तीचा: त्या चढणीवर ताशी ६० किलोमीटर टिकविण्यास केवळ उंची गाठण्यापोटी १३ अश्वशक्ती जातात.

आणि सर्वांत शेवटी टायर, ज्यावाचून आतापर्यंतचा सारा हिशेब हवेत राहतो. डेल्फ्टचे प्राध्यापक हान्स पासेका यांनी टायरच्या वर्तनास बसविलेले सूत्र अभियंत्यांत 'जादूचे सूत्र' म्हणून प्रसिद्ध आहे, याचे कारण ते भौतिक नियमांतून सिद्ध झालेले नसून प्रयोगाच्या आलेखांशी विलक्षण जुळते. टायरच्या स्वभावातील एक गोष्ट मॉडकर्ते वारंवार विसरतात: भार वाढला की पकड वाढते खरी, परंतु भाराच्या प्रमाणात वाढत नाही. समजा, एका टायरचा घर्षणांक २,००० न्यूटन भाराखाली १.१० आहे आणि ५,००० न्यूटनखाली ०.९५ आहे. आसावरच्या दोन्ही टायरांवर सारखा, म्हणजे प्रत्येकी ३,५०० न्यूटन भार असता दोघांची मिळून पकड सुमारे ७,१७५ न्यूटन भरते. वळणात गाडी कलून एकावर २,००० आणि दुसऱ्यावर ५,००० असा भार झाला, की तीच पकड ६,९५० वर येते. भार एकंदर तितकाच, पकड मात्र तीन टक्क्यांनी कमी. ही तीन टक्के कोणत्या आसावर अधिक गमवावयाची, एवढ्यावर गाडी नाक बाहेर काढते की शेपटी, हे ठरते. मॉडकर्त्याने हा उतार फाइलीत शून्य ठेवला, तर अँटी-रोल बार कितीही बदला, गाडीचा तोल ढिम्म हलत नाही. मॉड खोटा आहे हे ओळखण्याची इतकी खात्रीची खूण दुसरी नाही.

जव्हार-मोखाड्याच्या दृष्टीने या सिम्युलेटरात एक मोठी उणीव आहे. मूळ आसेत्तो कोर्सात पाऊस नाही. वर्षातले चार महिने ज्या मुलखात धुके गाडीच्या बॉनेटवर येऊन बसते आणि दरडींतून पाण्याचे लोट रस्ता ओलांडून दाभोसासारख्या धबधब्यांकडे धावतात, त्या मुलखाची बिनपावसाची प्रतिकृती म्हणजे वैशाखातलेच जव्हार म्हणावे. पुढे बाहेरच्या हौशी प्रोग्रॅमरांनी पावसाची जोड करून दिली. पाऊस आला की लोकांना पहिल्यांदा टायर पाण्यावर तरंगण्याची भीती आठवते. पण विमानांच्या चाकांसाठी काढलेला ठोकताळा लावला, तर ३२ पौंड हवा असलेला टायर ताशी ९४ किलोमीटरच्या सुमारास तरंगू लागतो, आणि घाटाच्या वळणावर तो वेग येतोच कुठे? येथे खरी अडचण साध्या ओल्या डांबराची, त्यावर वाहून आलेल्या लाल मातीची आणि सागाच्या कुजलेल्या पानांची आहे.

तिची कसोटीही सोपी आहे. डोंगरी रस्त्यांवरील नागमोडी वळणाची आतली त्रिज्या निदान १४ मीटर असावी, असा इंडियन रोड्स काँग्रेसचा दंडक आहे. त्या त्रिज्येवर घर्षणांक १ धरला, म्हणजे उत्तम टायर आणि कोरडे डांबर, तर गाडी ताशी ४२ किलोमीटरपर्यंत टिकते. ओल्यात घर्षणांक निम्मा झाला, की वेग निम्मा होत नाही, तर वर्गमुळाच्या हिशेबाने ३० वर येतो. रस्त्याचा आडवा कल हिशेबात धरून दोन्ही अंक थोडे वर सरकतील एवढेच. रेसमोचा मॉड पावसाळी मोखाड्याच्या अशा वळणावर आणावा, वेग हळूहळू चढवावा, आणि गाडी केव्हा बाहेर ओढली जाते ते पाहावे. ती ३० च्या आसपास सुटू लागली तर ठीक. ३८ वरही ती रुळावरून चालल्यासारखी निघाली, तर इंजिनाच्या किंवा स्प्रिंगच्या फाइलीला हात न लावता आधी टायरची फाइल उघडावी, आणि तेथे ओल्या रस्त्यासाठी काही लिहिले आहे की नाही, ते तपासावे.